बाळंतपणातला ओसीडी: नको ते विचार, सारखं धुणं-तपासणं, आणि यावर नक्की काय करायचं

विळीवर कांदा चिरताना अचानक डोक्यात येतं, ही विळी बाळाला लागली तर? आणि त्याच्या मागोमाग त्याहून भयानक, मीच लावली तर? मग विळी माळ्यावर जाते, बाळाला घेऊन स्वयंपाकघरात जायचं बंद होतं, आईला सांगितलं जातं की आज तूच भाजी चीर, माझं अंग दुखतंय. खरं कारण घरात कुणालाच कळत नाही. हे जिला होतंय तिच्यासाठी लिहितेय, आणि जिच्या घरात अशी कुणी आहे त्यांच्यासाठी पण. मी डॉक्टर नाही. माझं माहेर तासगाव बाजूला, सासर कराडजवळ, पहिल्या वेळी हे सगळं भोगलंय, उपचार घेतलेत, दुसऱ्या वेळी आधीपासून तयारी ठेवून बाळंतपण केलंय, तर त्यातून जे हाताला लागलं ते सांगते.

ओसीडी म्हणजे आपल्याकडं ज्याला मंत्रचळ म्हणतात ते. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर तो पहिल्यांदाच सुरू होऊ शकतो, आधीचा असेल तर वाढू शकतो. शंभरात दोन-तीन जणी असा आकडा बरीच वर्षं सांगितला जायचा, नंतरच्या काही अभ्यासांत तो याहून बराच जास्त निघालाय. आणि नको ते विचार, म्हणजे बाळ हातातून पडेल, झोपेत श्वास थांबेल, ते तर जवळजवळ सगळ्याच नव्या आयांना येतात. 'मीच बाळाला काहीतरी करीन' असलासुद्धा विचार निम्म्याएक आयांना कधी ना कधी चाटून जातो. बाकीच्या जणी 'काय पण डोक्यात येतंय' म्हणून सोडून देतात, ओसीडीवाली त्या विचाराला पकडून बसते आणि तो खोटा पाडायला दिवसभर काहीतरी करत राहते. खरा आजार या करण्यात आहे, आणि उपचार पण तिथंच करायचा असतो.

आधी ओळखा

दोन बाजू असतात, विचार आणि त्यावरची कृती. विचार कशाचेही असतील: जंतू, औषधाचा अंश, गच्चीच्या कठड्यावरून बाळ खाली टाकलं तर, आंघोळीच्या पाण्यात बुडवलं तर, देवाला काहीतरी वाईट बोलले म्हणून बाळावर येईल. एक प्रकार तर कुणीच तोंडातून काढत नाही, बाळाला मालिश करताना किंवा शी धुताना लैंगिक स्वरूपाचे किळसवाणे विचार येणं. हा पण ओसीडीचा नेहमीचाच प्रकार आहे, मानसोपचारतज्ज्ञांनी तो शंभरदा ऐकलेला असतो. ज्या बाईला असले विचार येऊन अंगावर काटा येतो, बाळाला हात लावायची भीती वाटते, ती बाळाला धोका नसते. विचार येणं हा गुन्हा पण नाही.

कृती कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. हात धुणं, दुपटी तीन-तीनदा धुणं, श्वास तपासायला रात्री दर पाच मिनिटांनी उठणं हे दिसतं. न दिसणारं म्हणजे मनातल्या मनात रामरक्षा म्हणायची आणि एक शब्द चुकला की परत पहिल्यापासून, गूगल करत बसणं, 'अहो, मी वाईट आई नाही ना' असं दिवसातून वीस वेळा विचारणं, आणि टाळणं. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींवर सगळं सोपवून स्वतः बाळाच्या अंगाला हातच न लावणं हे टाळणंच आहे, लोकांना मात्र वाटतं आराम चाललाय.

आपल्याकडं हे लपतं पण लै पटकन. सव्वा महिना तसाही सगळा शिस्तीचा असतो, सोयर असतं, बाहेरून आलेल्यानं हातपाय धुवून आत यायचं, धुरी-शेक, दृष्ट काढणं. त्यात एखादी दिवसातून चार वेळा फरशी पुसत असली तर कौतुकच होतं, काय टापटीप आहे पोरगी. म्हणून घर किती स्वच्छ आहे ते बघू नका, वेळ बघा. विचार आणि कृती मिळून दिवसातला तासाभराहून जास्त वेळ जात असेल, किंवा त्यापायी झोप, जेवण, बाळाला घेणं बिघडत असेल तर हा साधा काळजीचा स्वभाव राहिलेला नाही.

थांबायचं नाही, लगेच जायचं कधी

प्रसूतीनंतरचा सायकोसिस हा वेगळा आजार आहे, हजारात एक-दोन जणींना होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि एकदम चढतो. झोपेची गरजच वाटत नाही, बोलणं भरकटतं, कुणी नसताना आवाज ऐकू येतात, बाळ बदललंय किंवा बाळात काहीतरी शिरलंय असं ठाम वाटायला लागतं. ओसीडीत बाई विचाराला घाबरते, इथं ती विचारावर विश्वास ठेवते. असं दिसलं तर सव्वा महिना होऊ दे वगैरे काही नाही, १०८ ला फोन करा किंवा गाडी काढून थेट मोठ्या दवाखान्यात न्या, आणि तोपर्यंत बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका. जीव द्यायचे विचार येत असतील तरीही तसंच, त्याच दिवशी. ओसीडीबरोबर डिप्रेशन पुष्कळदा असतं त्यामुळं हे विचारायला लाजू नका.

आणि जिला ओसीडी आहे ती हे वाचून आता 'मला सायकोसिस तर नाही ना' म्हणून रात्रभर शोधत बसणार, माहितीये मला. तो शोध पण कृतीच आहे. एकदा डॉक्टरांना विचारायचं आणि फोन खाली ठेवायचा.

वहीत नोंद, फक्त दोन-तीन दिवस

डॉक्टरांकडं जायच्या आधी साधी वही घ्या आणि चार गोष्टी लिहा: कधी, काय विचार आला, मी काय केलं, किती वेळ गेला. एवढंच. अक्षर सुधारून परत लिहायचं नाही, राहिलं तर राहिलं. लिहायचं धाडस होत नसेल तर विचाराच्या जागी 'क्रमांक १', 'क्रमांक २' असं घाला. या नोंदीचा मोठा उपयोग म्हणजे समोर बसल्यावर तोंड उघडलं नाही तर वही पुढं सरकवता येते.

सांगायचं कुणाला, कुठल्या शब्दांत

बाळंतपणाच्या डॉक्टरांना सांगितलं की 'टेन्शन येतंय' तर उत्तर येतं, सगळ्यांनाच येतं, आराम करा. त्यांची चूक नाही, त्या शब्दांतून काही कळतच नाही. दवाखान्यात डिप्रेशनसाठी जो प्रश्नांचा कागद भरून घेतात त्यातही ओसीडी बऱ्याचदा निसटतो. म्हणून सरळ असं म्हणा: "मला बाळाबद्दल नको ते विचार सारखे येतात, ते मला मुळीच पटत नाहीत, त्यांना घाबरून मी सारखी अमुक करते, दिवसाचे इतके तास जातात, मला ओसीडी आहे का बघा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवा." पाठ करून जा हवं तर.

सगळ्यात मोठी भीती असते की सांगितलं तर बाळ काढून घेतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय, आणि आईला ॲडमिट करायची वेळ आलीच तरी तीन वर्षांखालचं मूल शक्यतो तिच्यापासून तोडायचं नाही असं त्यात लिहिलंय. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तर आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवायचा खास वॉर्ड आहे. ओसीडीत बहुतेक वेळा ॲडमिट व्हावंच लागत नाही म्हणा, ओपीडीतच भागतं.

जायचं कुठं? साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय म्हणजे आपलं सिव्हिल, सांगलीत वसंतदादा पाटील सिव्हिल, मिरजेचं शासकीय मेडिकल कॉलेज, कराडला कृष्णा हॉस्पिटल. मानसोपचाराच्या ओपीडीचे वार आणि वेळ आधी फोन करून विचारा, ओल्या बाळंतिणीनं बाळ घेऊन एसटीनं जाऊन परत यायचं म्हणजे वैताग. घरातून निघणंच शक्य नसेल तर टेली मानस, १४४१६, सरकारी हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास आणि मराठीत बोलतात. आशाताई पण पहिल्या बेचाळीस दिवसांत बाळ बघायला घरी येतात, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, सासूबाईंसमोर बोलता येत नसेल तर त्यांना दारापर्यंत सोडायला जाताना सांगा.

आणि 'बाहेरचं' झालंय म्हणून देवऋषाकडं न्यायला निघाले तर ठाम नाही म्हणा. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, धूर देणं असले प्रकार राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहेत. ज्या कायद्यासाठी साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले तो हाच.

फ्रीजवर लावायचा कागद

माझ्या मते घरात करायच्या गोष्टींत हीच सगळ्यात कामाची, म्हणून जरा सविस्तर. बाळाची खरी काळजी तर घ्यायचीच असते, त्यामुळं ओसीडी कायम तिच्याआड लपतो आणि म्हणतो, अगं बाळासाठीच तर करतेय. म्हणून बाळाच्या डॉक्टरांना एकदाच विचारून घ्यायचं की नक्की किती पुरे, ते कागदावर उतरवायचं, आणि मग नियम एकच: कागदावर आहे तेवढं, एकदा. त्यापुढचं सगळं ओसीडीचं.

कागदावर साधारण काय येईल ते सांगते. हात साबणानं वीस सेकंद, शी-शू काढल्यावर, संडासला जाऊन आल्यावर आणि पाजायच्या-भरवायच्या आधी. वरचं दूध असेल तर बोंडलं किंवा वाटी-चमचा धुऊन दहा मिनिटं उकळायचा, एकदा. झोपवताना पाठीवर, सपाट घट्ट अंथरुणावर, तोंडाजवळ उशी नको की मऊ दुपट्यांचा ढीग नको. नवजात बाळ झोपेत पाच-दहा सेकंद श्वास थांबवतं आणि परत भराभर घेतं, हे नॉर्मल आहे, हे मोठ्या अक्षरात लिहा.

खाली दुसरा भाग, दवाखाना गाठायची लक्षणं: ताप १०० पॉइंट ४ फॅरनहाइट किंवा वर, अंग गार पडणं, अंगावर न पिणं, शांत असतानाही मिनिटाला साठच्या वर श्वास, छाती आत ओढली जाणं, श्वास वीस सेकंदांच्या वर थांबणं, ओठ निळे, झटके, हलवूनही जागं न होणं. यातलं काही दिसलं तर ओसीडी असेल का वगैरे विचार करायचा नाही, उठायचं आणि जायचं. यातलं काहीच नसेल तर तपासणी संपली.

द्राक्षबागायतदारांच्या घरातलं उदाहरण घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या चालू असतात, नवरा बागेतनं आला की औषधाचे कपडे बाहेर काढून वेगळे धुवायचे, साबण लावून आंघोळ करायची आणि मग बाळाला घ्यायचं, हे अगदी बरोबर आणि गरजेचं आहे. पण आंघोळ झाल्यावर परत आंघोळ, मग दाराची कडी पुसणं, मग तो ज्या फरशीवरनं चालला ती पुसणं, मग 'नक्की डोकं धुतलं का' असं चार वेळा, इथं औषधाचा विषय संपलेला असतो.

पायरी पायरीनं भीतीसमोर थांबणं

ओसीडीवरच्या समुपदेशनात ज्याला इआरपी म्हणतात ते हे. भीती वाटेल अशी गोष्ट मुद्दाम करायची आणि नंतरची कृती करायची नाही. सायकॉलॉजिस्टला विचारून घ्या की तुम्ही इआरपी करता का, कारण नुसत्या गप्पा आणि धीर यानं ओसीडी हलत नाही. गावात कुणी नसेल तर ऑनलाइन पण होतं. त्रास खूप असेल तर हे एकटीनं सुरू करू नका.

विळीचंच घेऊ. शून्य ते शंभर भीती मोजायची. विळी ओट्यावर दिसेल अशी ठेवणं, समजा तीस. बाळ आतल्या खोलीत झोपलेलं असताना भाजी चिरणं, पंचेचाळीस. बाळ पाळण्यात, खोली तीच, सासूबाई शेजारी, साठ. सासूबाई बाहेर गेल्या, ऐंशी. तिसाच्या पायरीपासून सुरुवात, रोज तीच पायरी, कंटाळा येईपर्यंत, मग पुढची. प्रत्येक वेळी विचार येणारच, त्याच्याशी भांडायचं नाही, 'मी असं कधीच करणार नाही' असं स्वतःला पटवत बसायचं नाही, नुसतं म्हणायचं, "असेल, नसेल, बघू," आणि कांदा चिरत राहायचं. भीती आपोआप उतरते, कधी वीस मिनिटांत कधी जास्त, कधी त्या दिवशी उतरतच नाही आणि तरी चालतं, कारण शांत वाटणं हे काम नाही, कृती न करता थांबणं हे काम आहे. चिरण्याची जागा बाळापासून लांब, पाळण्याजवळ विळी न्यायची नाही, म्हणजे कुठल्याही घरात जे नॉर्मल असतं तेवढंच करायचं, त्यापेक्षा धाडसी काही नाही.

न्हाऊ घालण्याचं पण असंच. आधी मावशी न्हाऊ घालताना शेजारी बसायचं, मग पाणी ओतायचं, मग पायाला तेल लावायचं, मग सगळं आपण. किळसवाणा विचार आला तर हात मागं घ्यायचा नाही, घाई करायची नाही, आणि 'मला आत्ता नक्की काय वाटलं' हे तपासायचं नाही. हे तपासणं फार चिवट असतं, सुटायला वेळ लागतो.

श्वास तपासणं एकदम बंद होत नाही, मग ते पाजायच्या वेळेला बांधा. पाजायला उठले की बघणार, मध्ये नाही.

एखाद्या दिवशी कृती झालीच तर? झाली. पण लगेच तीच भीतीची गोष्ट परत एकदा करा, म्हणजे दुपटं चौथ्यांदा धुतलं असेल तर न धुतलेल्याला मुद्दाम हात लावून बाळाला घ्या.

गोळ्यांबद्दल

यावर घराघरात नको तितकी मतं असतात. सर्ट्रालिन ही गोळी अंगावर पाजणाऱ्या आईला डॉक्टर बऱ्याचदा पहिली देतात कारण दुधात ती फार कमी उतरते. ओसीडीला डोस डिप्रेशनपेक्षा पुष्कळदा जास्त लागतो आणि पूर्ण परिणाम यायला आठ ते बारा आठवडे जातात, म्हणून पंधरा दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका. गरोदरपणात पण सर्ट्रालिनच्या गटातल्या गोळ्या देतात. त्यातली पॅरॉक्सेटिन मात्र पहिल्या तिमाहीत शक्यतो टाळतात, कारण बाळाच्या हृदयातल्या दोषाचा धोका थोडा वाढतो असं आढळलंय. शेवटच्या महिन्यांत गोळी चालू असेल तर बाळ पहिले काही दिवस जरा किरकिरं, थरथरतं असू शकतं, म्हणून बाळाच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवायचं.

दिवस राहिलेत कळलं म्हणून त्याच दिवशी गोळ्या कचऱ्यात टाकायच्या, हे मात्र करू नका. अचानक बंद केल्यानं चक्कर, मळमळ, बेचैनी होते आणि आजार उसळतो, आणि उसळलेल्या आजाराचा बाळाला पण त्रासच आहे, आई जेवत नाही झोपत नाही. आधी फोन, मग निर्णय. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणायच्या तर मुळीच नाहीत.

घरच्यांनी काय करायचं

सारखा धीर देणं बंद करायचं. वाचायला निष्ठुर वाटतं, पण "श्वास चालू आहे ना?" याला "हो गं, चालू आहे" हे उत्तर म्हणजे खाज सुटल्यावर खाजवण्यासारखं, दोन मिनिटं बरं वाटतं आणि मग दुप्पट. हे आधी तिच्याशी बोलून ठरवायचं, अचानक एके दिवशी तोंड बंद करायचं नाही. नवऱ्यानं म्हणायचं, "अगं, हा प्रश्न ओसीडीचा आहे, मी उत्तर देणार नाही, पण मी इथंच बसलोय." सासूबाईंनी, आईनं पण तेच. दिवसातून एकदा मीठ-मोहरीनं दृष्ट काढायची घरची रीत असेल तर काढा, पण तिनं तिसऱ्यांदा काढायला सांगितली तर नवऱ्याचं वरचंच वाक्य म्हणायचं.

बाकी 'असले विचार करूच नकोस', 'नाम घे' याचा उपयोग नाही, विचार दाबला की तो जास्त वर येतो. आणि 'आमच्या वेळी नव्हतं असलं' हे तर कृपा करून नको, तेव्हा पण होतं, सांगत नव्हतं कुणी.

त्यापेक्षा झोप द्या. रात्री सलग चार-पाच तास. एका वेळचं दूध काढून ठेवता येतं, खोलीत चारेक तास टिकतं, उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवा, नवऱ्यानं किंवा आजीनं पाजायचं. नवरा म्हणाला सकाळी कारखान्याची ड्युटी आहे तर शनिवारपासून सुरू करा, पण सुरू करा. बाळ बघायला येणाऱ्यांची रांग पण थोडी आवरा. माहेरी असाल तर सासरी जायच्या आधी नवऱ्यानं सगळं सासूबाईंच्या कानावर घालावं, तिनं नाही.

पोटात बाळ असताना

इथं प्रकार थोडे वेगळे, नकळत पपईची फोड खाल्ली म्हणून आठवडाभर झोप नाही, प्रत्येक सोनोग्राफीनंतर दुसरीकडं जाऊन परत सोनोग्राफी, घरी ठोके ऐकायचं मशीन मागवणं. मशीन नकोच, त्यानं तपासणं वाढतं आणि खोटा दिलासा पण मिळतो. बाळाची हालचाल डॉक्टरांनी सांगितल्या वेळी, सांगितलं तेवढीच बघायची. नेहमीपेक्षा खरंच कमी वाटली तर मात्र फोन करायचा, यात लाज नाही. फ्रीजवरचा कागद आठव्या महिन्यातच तयार ठेवा, बाळ झाल्यावर विचारायला डोकं जागेवर नसतं.

परत होईल का

होऊ शकतं, पुढच्या वेळी शक्यता जास्तच धरून चालायचं. म्हणून दुसऱ्याचा विचार सुरू झाला की दिवस राहायच्या आधीच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, गोळी चालू ठेवायची का, बदलायची का हे तेव्हाच ठरतं. बाळंतपणाच्या डॉक्टरांच्या फाइलवर पहिल्या पानावर 'ओसीडी, उपचार चालू' असं लिहून घ्या. पहिल्या वेळच्या वहीतून आपली सुरुवातीची लक्षणं कोणती ती नवऱ्याला दाखवून ठेवा, माझ्यात दुपट्यांपासून सुरू होतं, तुमचं वेगळं असेल. आणि गोळीचं नाव, डोस, कधीपासून, डॉक्टरांचा नंबर याचा फोटो आपल्या आणि आईच्या अशा दोन्ही मोबाईलमध्ये ठेवा, कारण सातव्या महिन्यात बाई माहेरी जाते आणि फाइल हटकून सासरच्या कपाटात राहते.